घरच्या छोट्या द्राक्षबागेत अनेक जाती लावताना

घरामागच्या मोकळ्या जागेत द्राक्षाच्या पाच-सहा वेली लावायच्या, तर त्या सगळ्या एकाच जातीच्या कशाला, असा विचार बहुतेक नव्या हौशी बागायतदाराच्या मनात येतो आणि तो रास्तच आहे. लवकर पिकणारी एक, उशिरा पिकणारी एक, एखादी काळी, एखादी बिनबियांची, एखादी मस्कट या सुवासिक द्राक्षाच्या सुगंधाची अशी निवड केली, तर सगळी द्राक्षे एकाच आठवड्यात अंगावर येत नाहीत आणि हवामानाने एका जातीला दगा दिला तरी दुसरी हाताशी राहते. अडचण पुढे येते. रोपवाटिकेतून आणलेली रोपे पहिल्या वर्षी दिसायला सारखीच असतात, म्हणून ती सारख्याच अंतरावर लावली जातात, सारख्याच तारेवर चढवली जातात आणि तिसऱ्या वर्षी एकाच दिवशी एकाच मापाने छाटली जातात. मग एक वेल घडांनी लगडते आणि शेजारची नुसता पाला घेऊन उभी राहते. पुढे लागवडीपासून काढणीपर्यंतची कामे क्रमाने दिली आहेत. ती करताना प्रत्येक वेळी एकच गोष्ट पाहावी, ती म्हणजे हे काम समोरच्या जातीला कोणत्या पद्धतीने मानवते.

जातींची निवड

रंग आणि चव पाहण्याआधी जातीचे कुळ पाहावे, कारण वेलीचा स्वभाव तिथे ठरतो. थॉमसन सीडलेस, फ्लेम सीडलेस, क्रिमसन सीडलेस, मस्कटचे प्रकार, कॅबरने सोव्हिन्यॉं या सगळ्या व्हिटिस व्हिनिफेरा या युरोपीय कुळातल्या. यांची साल गराला घट्ट चिकटलेली असते, मणी दाताखाली करकरीत लागतो, उन्हाळा कोरडा असेल तर त्या खुलतात. मात्र बुरशीजन्य रोगांपुढे त्या लवकर हार मानतात आणि उणे १५ ते उणे २० अंश सेल्सिअसच्या आसपास त्यांचे डोळे (काडीवर जिथून फूट निघते ते उंचवटे) व खोड गारठून मरू लागतात. कॉंकर्ड ही व्हिटिस लॅब्रुस्का या अमेरिकी कुळाकडे झुकणारी जात. मॅसॅच्युसेट्समधील कॉंकर्ड गावी एफ्रेम वेल्स बुल यांनी ती १८४९ मध्ये निवडली. तिची साल बोटांनी दाबताच गरापासून सुटते, वास उग्र गोड असतो, आणि थंडी व रोग ती बऱ्यापैकी सोसते. तिसरे कुळ मस्कडाइनचे, म्हणजे व्हिटिस रोटुंडिफोलियाचे. उष्ण, दमट हवेत ते सुखाने वाढते; त्याचे मणी घडाने न पिकता सुटे सुटे पिकतात आणि गळतात. इतर द्राक्षांमध्ये गुणसूत्रांची संख्या ३८ असते, याच्यात ४०, त्यामुळे त्याचा इतरांशी संकर किंवा कलम सहजासहजी जमत नाही.

या कुळांच्या मधोमध संकरित जाती आहेत आणि नवख्याने पहिली वेल त्यांतूनच घ्यावी असे माझे मत आहे. १९५२ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील संशोधन केंद्राने आणलेली हिमरॉड ही थॉमसनचीच लेक. बी नाही, मणी सोनेरी हिरवे, आणि थॉमसनपेक्षा ती पुष्कळ काटक आहे. आर्कान्सा विद्यापीठाच्या रिलायन्स आणि मार्स याही बिनबियांच्या व कमी कटकटीच्या. फार थंड प्रदेशासाठी मिनेसोटा विद्यापीठाने फ्रंटेनॅक (१९९६) आणि मार्केट (२००६) या वाइनच्या जाती दिल्या. आपल्या हवेत काय टिकते हे ठाऊक नसताना नाजूक युरोपीय जातींनी सुरुवात केली, तर पहिली दोन वर्षे औषध फवारण्यातच जातात.

किती जाती घ्याव्यात? सहा वेलींची जागा असेल तर तीन जाती घ्याव्यात आणि प्रत्येकीच्या दोन वेली लावाव्यात. एकेक वेल लावून सहा जातींचा संग्रह करण्याचा मोह होतो, पण एकटी वेल खराब निघाली तर दोष जातीचा, रोपाचा की त्या खड्ड्याचा, हे कळायला मार्ग उरत नाही. परागीभवनासाठी मात्र दुसरी जात लावण्याची गरज नसते, कारण लागवडीतल्या बहुतेक जातींची फुले द्विलिंगी असून त्या स्वतःच फळ धरतात. मस्कडाइनमध्ये काही जाती केवळ मादी फुलांच्या आहेत. तशी जात घेतली तर जवळ द्विलिंगी मस्कडाइन हवीच.

बीपासून द्राक्ष लावू नये. बीतून उगवलेले रोप आईसारखे निघत नाही. काडीपासून केलेले रोप किंवा कलम, हे दोनच पर्याय विचारात घ्यावेत, आणि या दोहोंतला फरक नीट समजून घ्यावा. मुळांवर जगणारी फिलॉक्सेरा ही बारीक कीड १८६० च्या दशकात उत्तर अमेरिकेतून युरोपात पोहोचली आणि तिथल्या बागा उजाड झाल्या. तेव्हापासून युरोपीय जातींचे कलम अमेरिकी कुळाच्या खुंटावर, म्हणजे मुळांसकटच्या बुंध्यावर, करण्याची रीत पडली. ज्या जमिनीत ही कीड, सूत्रकृमी (मुळांना लागणारे सूक्ष्म कृमी) किंवा खारटपणा आहे तिथे खुंटावरचेच रोप घ्यावे. डॉगरिजसारखा खुंट वेलीला भरपूर जोम देतो, आणि छोट्या जागेत हा जोमच कधीकधी डोईजड होतो. याउलट कडाक्याच्या थंडीत वेल जमिनीपर्यंत मरण्याची शक्यता असेल, तर स्वतःच्या मुळावरचे रोप सोयीचे पडते. खालून जे फुटते ती आपलीच जात असते. कलमी वेलीत कलमाच्या जोडाखालून फुटलेली फूट खुंटाची असते आणि ती वेळीच काढली नाही तर काही हंगामांतच ती मूळ जातीला गिळून बसते.

जागा, माती आणि तारांचा सांगाडा

दिवसाला किमान सहा ते आठ तास थेट ऊन, वारा खेळेल अशी मोकळीक आणि पाण्याचा निचरा या तीन गोष्टींत तडजोड करू नये. निचरा पाहण्यासाठी सुमारे ३० सेंटिमीटर खोल खड्डा खणावा, तो एकदा पाण्याने भरून जिरू द्यावा आणि पुन्हा भरावा. दुसऱ्यांदा भरलेले पाणी दुसऱ्या दिवशीही खड्ड्यात दिसत असेल तर तिथे गादीवाफा उंच केल्याशिवाय वेल लावू नये. सामू (पीएच) ६ ते ७.५ च्या दरम्यान असलेली माती बहुतेकांना चालते. लॅब्रुस्का कुळाच्या जाती थोड्या आम्ल मातीत खूश असतात, पण चुनखडीच्या जमिनीत त्यांची कोवळी पाने पिवळी पडतात, तर युरोपीय जाती चुना अधिक सोसतात. मातीची तपासणी जाती ठरवण्याआधी करून घ्यावी असे म्हणतात ते यासाठीच.

सांगाडा रोपांच्या आधी उभा करावा. खांब सुमारे २.४ मीटर लांबीचे घेऊन ६० सेंटिमीटर जमिनीत गाडावेत; टोकाच्या खांबांवर सगळ्या तारांचा ताण येतो, म्हणून त्यांना तिरका टेकू किंवा जमिनीत पुरलेला ताण द्यावा. हे काम मनापासून करावे, कारण फळांनी भरलेल्या वेली ऐन हंगामात खांबासकट आडव्या झाल्या तर त्या उभ्या करताना अर्धे घड हातात येतात. ओळी शक्यतो दक्षिणोत्तर घ्याव्यात, म्हणजे दोन्ही बाजूंना ऊन मिळते.

तारा किती उंचीवर लावायच्या याचे उत्तर जातीगणिक बदलते आणि छोट्या बागेत नेमके हेच विसरले जाते. युरोपीय जातींच्या फुटी साधारणपणे वर उठतात. त्यांच्यासाठी पहिली तार ९० सेंटिमीटरवर घेऊन ओलांडे (खोडापासून तारेवर आडवे नेलेले कायमचे फाटे) तिच्यावर पसरावेत आणि वरच्या दोन-तीन तारांच्या जोड्यांमध्ये फुटी उभ्या अडकवाव्यात. कॉंकर्ड आणि तिच्या नात्यातल्या जातींच्या फुटी मात्र वजनाने खाली लोंबतात. त्यांना उभे बांधण्याचा हट्ट केला तर हंगामभर सुतळी घेऊन फिरावे लागते. त्यापेक्षा सुमारे १.८ मीटरवर एकच तार घेऊन तिच्यावर ओलांडे पसरावेत आणि फुटी मोकळ्या खाली सोडाव्यात. म्हणून एका ओळीत एकाच स्वभावाच्या जाती असाव्यात. दोन वेलींमध्ये १.८ ते २.४ मीटर आणि दोन ओळींमध्ये २.५ ते ३ मीटर अंतर पुरते. मस्कडाइनला मात्र वेलीमागे ४.५ ते ६ मीटर तार द्यावी लागते. अंतर जास्त वाटते तेव्हा इंग्लंडमधील हॅम्प्टन कोर्ट राजवाड्यातली वेल आठवावी. १७६८ मध्ये लावलेली ब्लॅक हॅम्बर्ग जातीची ती एकच वेल आज एका आख्ख्या काचघरात पसरली आहे.

लावणी आणि पहिली दोन वर्षे

उघड्या मुळांची रोपे आणली असतील तर लावण्यापूर्वी मुळे दोन-तीन तास पाण्यात बुडवून ठेवावीत, तुटकी मुळे छाटावीत आणि खड्ड्यात मुळे चारही बाजूंना पसरतील अशी मांडावीत. कलमाचा जोड जमिनीपासून १० ते १५ सेंटिमीटर वर राहिलाच पाहिजे; तो मातीत गेला तर वरची जात स्वतःची मुळे सोडते आणि खुंटाचा उपयोग संपतो. लावून झाल्यावर रोप दोन डोळ्यांवर छाटावे. नुकतेच आणलेले रोप असे कापणे जिवावर येते, पण मुळे रुजण्याआधी जास्त पाने पोसायला लावली तर वेल खुरटते.

लावणीच्या दिवशीच जातीचे नाव लिहिलेली पट्टी प्रत्येक वेलीच्या खांबाला लावावी आणि बागेचा नकाशा वहीत काढावा. कागदी खुणा पहिल्याच पावसाळ्यात जातात आणि शाईने लिहिलेले उन्हात उडते. पातळ ॲल्युमिनियमच्या पट्टीवर खिळ्याने कोरलेले नाव वर्षानुवर्षे टिकते. पुढे छाटणीच्या वेळी पाने नसलेल्या काड्या पाहून जात ओळखणे अनुभवी माणसालाही अवघड जाते.

पहिल्या वर्षी दोन्ही डोळे फुटले की त्यांतली सरळ व जोमदार फूट ठेवून दुसरी काढावी आणि ठेवलेली फूट बांबूला सैल बांधत सरळ वर न्यावी. हेच उद्याचे खोड आहे. खोड ओलांड्याच्या तारेपर्यंत पोहोचले की तारेच्या थोडे खाली शेंडा खुडावा आणि तिथून निघणाऱ्या दोन फुटी तारेवर डावीउजवीकडे वळवाव्यात. जोमदार जात हे सगळे एका वर्षात उरकते, मंद जातीला दोन लागतात. तार गाठण्याआधी काडी पेन्सिलएवढी जाड झाली नसेल, तर तिला पुन्हा दोन-तीन डोळ्यांवर छाटून नव्याने सुरुवात करावी. या काळात एखादा घड दिसला तर तो काढून टाकावा. पहिले हलके पीक तिसऱ्या वर्षी घ्यावे, तेही चाखण्यापुरते.

छाटणी

इथे थोडे सावकाश जाऊ, कारण अनेक जातींच्या बागेचे यशापयश याच कामात ठरते.

यंदाचे घड यंदाच्या हिरव्या फुटीवर येतात, पण ती फूट गेल्या हंगामात पिकलेल्या तपकिरी काडीवरच्या डोळ्यातून निघालेली असावी लागते. जुन्या जाड खोडातून थेट फुटलेली फूट बहुधा वांझ असते. शिवाय घडाचे बीजारोपण डोळ्याच्या आत आदल्या हंगामातच होऊन गेलेले असते. छाटताना आपण पुढचे पीक निर्माण करत नसतो, आधीच तयार झालेल्या घडांपैकी किती ठेवायचे ते ठरवत असतो. आणि काडीवर हे फळधारी डोळे कोणत्या भागात असतात, हे जातीवर अवलंबून असते.

फ्लेम सीडलेस, मस्कटचे बरेच प्रकार, कॅबरने सोव्हिन्यॉं, फ्रंटेनॅक यांच्या काडीच्या बुडाशी असलेले पहिले दोन-तीन डोळेही फळ देतात. त्यांची आखूड छाटणी करता येते, म्हणजे ओलांड्यावर सुमारे एक वीत अंतराने दोन-दोन डोळ्यांच्या खुंट्या ठेवून बाकी सगळे कापायचे. थॉमसन सीडलेसचे बुडाचे डोळे मात्र बहुतेक वांझ असतात; घड पुढच्या डोळ्यांत दडलेले असतात. तिला लांब छाटणी लागते, म्हणजे आठ ते पंधरा डोळ्यांच्या तीन-चार काड्या राखायच्या, त्या तारेवर आडव्या बांधायच्या, आणि प्रत्येक काडीच्या बुडाजवळ पुढच्या वर्षासाठी दोन डोळ्यांची एक खुंटी ठेवायची. हिमरॉडमध्येही थॉमसनचा हा गुण उतरला आहे. मी स्वतः फ्लेम आणि थॉमसन शेजारी शेजारी लावल्या होत्या आणि पहिल्या खऱ्या छाटणीत दोघींना दोन डोळ्यांवर आणून ठेवले. बाग इतकी नीटनेटकी दिसत होती की मी तिच्याकडे उभा राहून पाहत असे. त्या हंगामात फ्लेमवर घड आले आणि थॉमसनवर एकही आला नाही. मी खताला, पाण्याला, रोपवाटिकेला दोष देत राहिलो, दोष कात्रीचा होता.

आपल्याकडच्या जातीचा स्वभाव माहीत नसेल तर वेलीलाच विचारावे. एकाच वेलीच्या एका बाजूला दोन डोळ्यांच्या खुंट्या ठेवाव्यात, दुसऱ्या बाजूला दहा डोळ्यांची एक लांब काडी, आणि फुटी निघाल्यावर कोणत्या क्रमांकाच्या डोळ्यातून घड आला ते वहीत लिहावे. एका हंगामात उत्तर मिळते.

राखायची काडी निवडताना पेन्सिलएवढी जाड, गोल, तपकिरी सालीची आणि उन्हात वाढलेली पाहावी. अंगठ्यापेक्षा जाड, लांब पेरांची काडी दिसायला भारदस्त असली तरी तिचे डोळे कमी फळ देतात. हिवाळ्यात कडक थंडी पडून गेली असेल तर आधी दहा-बारा डोळे तपासावेत. धारदार पात्याने डोळा आडवा, पातळ चकतीसारखा कापावा. आत मधोमध मुख्य कोंब आणि त्याच्या दोन अंगांना बारीक राखीव कोंब दिसतात. मधला कोंब हिरवा असेल तर तो जिवंत आहे. तपकिरी किंवा काळा असेल तर मेला. दहापैकी पाच मेलेले निघाले तर नेहमीच्या दुप्पट डोळे ठेवावेत. राखीव कोंबातून फूट येते, पण युरोपीय जातींमध्ये तिच्यावर घड क्वचितच चांगले येतात. अनेक संकरित जातींमध्ये मात्र ती बरे पीक देऊन जाते.

छाटणीत गेल्या वर्षीच्या वाढीचा ८० ते ९० टक्के भाग निघून जातो. नवख्याचा हात इथे हमखास आखडतो. कॉंकर्डसाठी एक जुना ठोकताळा आहे: छाटून पडलेल्या एक वर्षाच्या काड्यांचे वजन करायचे, पहिल्या अर्ध्या किलोला सुमारे ३० डोळे आणि पुढच्या प्रत्येक अर्ध्या किलोला १० डोळे या हिशेबाने वेलीवर ठेवायचे. इतर जातींसाठी आकडे बदलतात, पण जी वेल जास्त वाढली तिला जास्त डोळे द्यावेत आणि अशक्त वेलीला कमी, हे सूत्र सगळीकडे लागू आहे.

थंड प्रदेशात ही छाटणी पानगळीनंतर, शक्यतो हिवाळ्याच्या अखेरीस करावी. उशिरा छाटले तर डोळे काही दिवस उशिरा फुटतात आणि शेवटच्या दवबर्फातून वाचतात, म्हणून मार्केटसारख्या लवकर फुटणाऱ्या जाती सर्वात शेवटी छाटाव्यात. उशिरा छाटलेल्या काडीच्या टोकातून पाण्यासारखा रस थेंब थेंब गळतो. त्याने वेलीचे काही बिघडत नाही. ज्या उष्ण प्रदेशात वेल पाने गाळून झोपतच नाही तिथे वर्षात दोन छाटण्या लागतात. काढणी उरकल्यावर वेलीला थोडी विश्रांती देऊन खरड छाटणी करतात आणि काडी एका डोळ्यावर आणतात. त्यातून निघालेल्या फुटी पुढचे काही महिने काडी म्हणून पिकवायच्या असतात, फळासाठी नव्हे. सात ते नऊ पानांवर शेंडा मारून सबकेन, म्हणजे बगलेतून निघणाऱ्या फुटीची काडी, करण्याची पद्धत याच काळातली. काडी पक्की झाल्यावर फळछाटणी होते आणि त्यानंतर सुमारे चार महिन्यांत थॉमसनसारखी जात काढणीला येते. मोठ्या बागांत डोळे एकसारखे फुटावेत म्हणून फळछाटणीनंतर हायड्रोजन सायनामाइड लावतात. ते विषारी आहे, घरच्या बागेत आणू नये. लांब काडी फुटेपर्यंत कमानीसारखी वाकवून बांधली तर मधले डोळेही बऱ्यापैकी जागे होतात.

फुटी, घड आणि मणी

डोळे कापसले (फुगून त्यांवर कापसासारखी लव दिसू लागली), पोंगे म्हणजे कोवळे कोंब उघडले आणि फुटी वीतभर झाल्या की फेलफुटी, म्हणजे नको असलेल्या जादा फुटी, काढायला लागावे. एका डोळ्यातून दोन फुटी आल्या असतील तर एक ठेवावी. ओलांड्याच्या मीटरभर लांबीत दहा ते पंधरा फुटी पुरेशा असतात. मोठ्या घडाच्या जातीत फुटीमागे एकच घड ठेवावा, छोट्या घडाच्या जातीत दोन चालतात. एक घड नीट पोसायला बारा ते पंधरा पाने लागतात, तेव्हा ज्या फुटीवर तेवढी पाने नाहीत तिचा घड काढणेच शहाणपणाचे ठरते. फळधारणेनंतर घडाच्या आसपासची तीन-चार पाने सकाळचे ऊन येते त्या बाजूने काढावीत. दुपारच्या बाजूची पाने राखावीत, नाहीतर मणी उन्हाने भाजतात.

बिनबियांच्या जातींबद्दल एक गैरसमज पुष्कळांना निराश करतो. थॉमसनच्या फुलात फलन होते, बी धरूही लागते आणि मग अर्ध्यावर जिरते. बीतून मिळणारे वाढीचे संप्रेरक कमी पडल्यामुळे मणी मूळचाच लहान राहतो. बाजारातले मोठे, लांबट मणी जिब्रेलिक आम्लाच्या, म्हणजे बाहेरून दिलेल्या वाढीच्या संप्रेरकाच्या, प्रक्रियेतून आलेले असतात. घरच्या वेलीवरचे मणी त्यांच्यापेक्षा लहान निघाले तर काही चुकले असे समजू नये. मणी ज्वारीच्या दाण्याएवढे असताना घडाच्या शेंड्याचा तिसरा भाग खुडला आणि दाट ठिकाणचे काही मणी कात्रीने विरळले, तर उरलेले बरेच फुगतात. जिब्रेलिक आम्ल वापरायचेच ठरवले तर ते बियांच्या जातींवर पडू देऊ नये. त्यांच्या पुढच्या हंगामाच्या फळधारणेला त्याचा फटका बसू शकतो, आणि सहा वेलींच्या बागेत फवारा शेजारी जाणारच.

पाणी आणि खत

पाणी ठिबकने द्यावे आणि मुळांशी १५-२० सेंटिमीटर खोल माती हाताने तपासून मगच द्यावे. मण्यात पाणी उतरू लागले, म्हणजे मणी मऊ पडून रंग बदलू लागले, की पाणी देणे हळूहळू कमी करावे, एकदम तोडू नये. ताण पडलेल्या वेलीला अचानक भरपूर पाणी मिळाले की पातळ सालीच्या जातींचे मणी तडकतात. खताच्या बाबतीत सगळ्या वेलींना सारखे माप टाकण्याची सवय सोडावी. छाटणीच्या वेळी काड्या अंगठ्याएवढ्या जाड निघालेल्या वेलीला नत्र मुळीच देऊ नये, खुरटलेल्या वेलीला द्यावे. जुन्या पानांच्या शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा पडत असेल तर मॅग्नेशियम कमी आहे. कोवळी पाने तशी दिसत असतील तर लोहाची कमतरता समजावी.

रोग

केवडा, भुरी आणि करपा ही तीन नावे आधी पाठ करावीत. केवड्यात पानाच्या वरच्या बाजूला तेलाचा थेंब पडल्यासारखे पिवळट डाग येतात आणि दमट रात्रीनंतर त्याच जागी खालून पांढरी लव दिसते. शंका असेल तर डाग असलेले पान ओलसर करून प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करावे आणि रात्रभर उबदार, अंधाऱ्या जागी ठेवावे. सकाळी खालच्या बाजूला लव उगवली असेल तर केवडाच आहे. पहिला धोका कधी ओळखावा यासाठी तीन दहांचा नियम आहे: तापमान किमान १० अंश, फूट किमान १० सेंटिमीटर आणि दिवसभरात १० मिलिमीटर पाऊस. भुरीला पावसाची गरज नसते. कोरड्या, ढगाळ हवेत आणि दाट पाल्यात ती पसरते, कोवळ्या मण्यावर राखेसारखी बसते आणि पुढे मणी फुटतो. करप्याचे डाग खोलगट, काळपट कडांचे असतात आणि पावसात कोवळ्या फुटींवर आधी दिसतात.

केवड्यावरचे जुने औषध म्हणजे मोरचूद आणि चुन्याचे बोर्डो मिश्रण. त्याचा शोध गमतीदार आहे. केवडा १८७८ मध्ये युरोपात पोहोचला. त्यानंतर बोर्डो परिसरात रस्त्याकडेच्या वेलींवर, येणाऱ्याजाणाऱ्यांनी द्राक्षे तोडू नयेत म्हणून, मोरचूद आणि चुना शिंपडत असत. त्याच वेलींची पाने टिकून आहेत हे वनस्पतिशास्त्रज्ञ मिलार्दे यांच्या ध्यानी आले आणि १८८५ मध्ये त्यांनी हे मिश्रण जाहीर केले. भुरीसाठी गंधक चालते, पण इथेही जात पाहावी लागते: कॉंकर्ड आणि तिच्या नात्यातल्या काही जातींची पाने गंधकाने करपतात. सगळ्या बागेवर एकच टाकी फिरवण्याआधी प्रत्येक जातीच्या दोन-चार पानांवर फवारून काही दिवस वाट पाहावी. तापमान ३० अंशांच्या वर असताना गंधक मारू नये आणि तेलयुक्त फवारणीच्या आगेमागे दोन आठवडे ते टाळावे. प्रत्येक औषधाच्या वेष्टनावर फवारणी आणि काढणी यांमधले दिवस लिहिलेले असतात, ते लवकर पिकणाऱ्या जातीच्या तारखेने मोजावेत. उशिरा पिकणाऱ्या शेजारणीवर फवारताना हीच चूक सर्रास होते.

औषधापेक्षा मोकळा पाला अधिक उपयोगी पडतो. आणि हिरवळीवरच्या तणासाठी २,४-डी वापरणारे कोणी शेजारी असतील तर त्यांच्याशी आधीच बोलून ठेवावे. द्राक्षवेल या तणनाशकाला विलक्षण संवेदनशील असते. वाऱ्याबरोबर आलेल्या अंशानेही पाने आकसून पंख्यासारखी होतात, आणि माणूस ते विषाणूचे लक्षण समजून वेल उपटतो.

काढणी

द्राक्ष तोडल्यानंतर पिकत नाही. म्हणून रंग आला की लगेच काढायची घाई करू नये; रंग भरल्यानंतर खरी गोडी येण्यास आणखी काही आठवडे जातात. घडाच्या टोकाचा मणी चाखावा, कारण तो सर्वात शेवटी पिकतो. तो गोड असेल तर घड तयार आहे. बियांच्या जातीत मणी फोडून बी पाहावे: हिरवट असेल तर थांबावे, तपकिरी आणि दाताखाली कुडकुडीत असेल तर काढावे. रसातली साखर मोजणारा रिफ्रॅक्टोमीटर असल्यास खाण्याच्या द्राक्षांत १६ ते १८ ब्रिक्स (साखरेचे माप) आणि वाइनच्या जातींत २० ते २४ ब्रिक्स हा अंदाज धरावा, पण आम्ल जास्त असलेली जात त्याच आकड्याला आंबट लागते. रंग बदलू लागताच जाळी किंवा कागदी पिशव्या लावाव्यात, कारण पहिली लवकर पिकणारी वेल पक्ष्यांना सापडली की ते पुढच्या जातींच्या तारखाही लक्षात ठेवतात.

पहिल्या जातीचे घड उतरले की तिच्याकडे दुर्लक्ष होते, सगळे लक्ष उशिराच्या वेलींकडे जाते. तिला पाणी देत राहावे आणि पाने रोगापासून राखावीत. काड्या अजून हिरव्या असतात, त्या तपकिरी होऊन पिकेपर्यंत पानांचे काम चालूच असते, आणि पुढच्या छाटणीला आपण जे डोळे मोजणार ते याच दिवसांत भरत असतात.